नळाखालचे मासे

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. मी ठेकेदाराकडचा गवंडी मिस्त्री. सकाळच्या एसटीने निघालो, तेव्हा मालकाचा हुकूम सोबत होता: माहूरच्या जंगलात सागाचे ट्रक जातात, त्या सडकेखालचा, ओढ्याचं पाणी पलीकडे नेणारा फुटका सिमेंटचा नळ काढून नवा बसव.

नांदेडला गाडी बदलली, हिमायतनगरला भजी खाल्ली आणि पुढे नवा नळ आणि मजूर घेऊन जाणाऱ्या ट्रकात बसलो. डोंगरात पाऊस पडून गेला होता. ट्रक रुतला, तो ढकलताना माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

ओढ्यावर पोचलो तर भोयांच्या बाया पाण्यात उभ्या. नळाचं तोंड पाण्याच्या हातभर वर. खालून मासे उड्या मारत होते, नळाला आपटून परत पडत होते. बाया ते घागरीत धरून सडकेपलीकडे सोडत होत्या.

"दुष्काळात हातचा मासा सोडता?" मी विचारलं.

"अंडी घालाया वर निघालेला चढणीचा मासा भोई खात न्हाई," गंगाबाई म्हणाली. तीच त्यांच्यात वडीलधारी. "वरच्या डोहात पोचला तरच पुढच्या साली आमची चूल. नळ बसवला तवापासून हेच करून राहिलो. बसवणारा घावला तर त्याच्याच डोक्यावर घागर देईन."

मला लाज वाटली. "मीच बसवला, मावशी. तेव्हा ओढा कोरडा होता."

तिनं घागर माझ्या हातात दिली. दुपारपर्यंत वाहिली, खांदे भरून आले.

पाणी उतरल्यावर मजुरांना म्हणालो, नवा नळ ट्रकातून काढून कडेला टाका. जुना उपटला आणि ओढ्याच्या तळाशी सपाट दगडांची फरशी बसवली. ट्रक पाण्यातून जातील, त्यात काय बिघडलं?

निघायच्या दिवशी पुन्हा सर आली. मासे फरशीवरून सरळ वर गेले. गंगाबाईनं घागर पालथी घातली आणि तिच्यावर बसून बघत राहिली.

लातुरात मालक तापले. "नळ कुठाय?"

"सडकेच्या कडेला."

"उद्या दुसरा मिस्त्री पाठवतो."

"पाठवा. तो बसवील, मी जाऊन उपटीन."

काम सुटलं. सुटू दे. येत्या पावसाळ्यात एसटीचं भाडं काढून तिकडे जाणार आहे, आणि पहार सोबत नेणार आहे.