आबांचा आवाज माझ्या पिशवीत

आता काय सांगू, नवा धंदा काढल्यावर माणूस ओळखी वाढवायला कुठे कुठे जातो! मी दहाव्याला गेलो. हसू नका, चहा सांडेल.

झालं काय, बारामतीत नव्या उद्योजकांचा मेळावा होता. आम्ही अकरा जण. सगळ्यांनी सगळ्यांना कार्डं दिली, विकत घेणारा एकही नाही! माझं मशीन ज्वारीवरची पाखरं उठवायचं. समोर काही फडफडलं की ते माणसाच्या आवाजात ओरडतं. बाहेर पडताना कऱ्हाटीचे तात्या भेटले. म्हणाले, "शेतकरी हितं कुठं गावतोय? दहाव्याला या. अख्खी पंचक्रोशी एका जागी बसती."

मला तेवढंच पुरलं. महिनाभरात कळंबपासून इंदापूरपर्यंत पाच दहावे केले. गेलं कोण, ते दोनदा तर फलकावर वाचून कळलं.

सहावा मात्र आबांचा निघाला. मशीनमधला आवाज आबांचाच होता हो! कऱ्हाटीच्या रानात राखणीच्या माचीवरून त्यांनी हाळी दिली की पाखरं शिवेपार जायची. तीच मी भरून घेतली होती. आबा गेल्याचं खरंच वाईट वाटलं. पण तात्या म्हणाले होते, "मशीन आणा, नऊ जण घ्यायला तयार हायती." माझी पहिली ऑर्डर! नेलं पिशवीत घालून. लाज घरी ठेवली.

सकाळची वेळ, नदीकाठी दोनशे माणसं. चिंचेखाली चपलांशेजारी पिशवी ठेवून मी पार पुढे जाऊन बसलो. पिंड मांडले, माणसं मागे सरकली. चिंचेवर कावळे ओळीने बसलेले. एकही ओरडत नव्हता.

एक खाली झेपावला.

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

आबा! कावळा उडाला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हो, माझ्या! मशीन मीच केलेलं, पण त्या क्षणी ते आठवेल तर शपथ. गेलेला माणूस ओरडला, एवढंच कळलं. शेजाऱ्याने माझा दंड धरला होता की मी त्याचा, देव जाणे.

आबांच्या पत्नी, आक्का, पुढे आल्या. "अवं, काय ऱ्हायलं तुमचं? का हाकलताय त्याला?"

थोरल्या मुलाने हात जोडले. "आबा, धाकटीला शिकवतो!" पुन्हा एक कावळा झेपावला.

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

"आबा, चुलत्यासंगं बोलतो!"

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

मुलगा पांढराफटक पडला. आणि मला पिशवी आठवली. बटण! ठेवताना दाबलं गेलं असणार. धावत गेलो, मशीन बाहेर काढलं, बंद केलं आणि सगळ्यांसमोर कबुली दिली. वाटलं, आता मार बसतोय.

कुणी हात उगारला नाही. पण कावळाही येईना. अर्धा तास गेला. कावळे नुसते बघत होते, आणि मला वाटलं, माझ्याकडेच. एवढा मी जन्मात ओशाळलो नव्हतो. त्या माउलीचा नवरा माझ्यापायी अडकला होता.

शेवटी आक्का म्हणाल्या, "लेकरा, लाव रं परत. येकदा ऐकू दे."

पिंडांशेजारी मशीन ठेवून चालू केलं. वर कावळे फडफडले आणि आबांनी हाळी दिली. आक्का खाली बसल्या, मशीनवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "राखण झाली तुमची. आता जेवू द्या त्याला."

आणि कावळा आला! उडत नाही, चालत आला. आबा बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि हा शांतपणे पिंडाला शिवला. मागोमाग बाकीचेही उतरले. आक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

तेवढ्यात कानाशी तात्या आले. मागे नऊ गिऱ्हाइकं.

"पाव्हणं, मशीन पाखरं उठवायचंच हाय न्हवं?"

"हो, तात्या."

तात्यांनी कावळ्यांकडे पाहिलं. एक तर मशीनवरच बसून चोच पुसत होता.

"मग ऱ्हाऊ द्या. आमाला ज्वारीत पाखरांची पंगत न्हाय बसवायची."