चिंचेपासून पुढं, डाव्या हाताला

फाट्यावर एसटी यायला उशीर होता. माझ्या पायाशी पत्र्याची ट्रंक, हातात मायनं बांधून दिलेल्या धपाट्यांची पिशवी आणि शेजारी दादा, म्हणजे माझे वडील. ते बोलणारे नव्हतेच. आयटीआय करून घरी बसलेल्या पोराला चाकणकडे कंपनीत काम लागलं याचा त्यांना आनंद झालाय की वाईट वाटतंय, काही कळत नव्हतं. गाडी दिसली तशी त्यांनी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि एवढंच म्हणाले, "ज्या गावात ऱ्हायचं त्या गावाला नावं ठिवू नकोस." खिडकीतून वळून पाहिलं तर ते टोपी काढून डोकं खाजवत उभे होते. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

परवा आपल्या शाळेच्या ग्रुपवर टूम निघाली की प्रत्येकानं गावाच्या जुन्या आठवणी लिहायच्या. तुम्ही सगळ्यांनी झकास लिहिलंत. मीही बसलो, आणि पंचाईत झाली. आपल्या गावचा ओढा, बाजार, मास्तरांची छडी, सगळं तुम्ही आधीच संपवून टाकलंय. आणि मला जे भरभरून आठवायला लागलं ते चाकणजवळच्या महाळुंग्याचं होतं, जिथं मी आता राहतो. तेही माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. हे माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. गाव सोडून जे माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन पडलेत, त्यांना यातलं थोडं ओळखीचं वाटेल.

महाळुंग्यात मी उतरलो तेव्हा कंपन्या उभ्या राहत होत्या आणि गावातल्या शेतकऱ्यांनी घरांशेजारी पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. आमच्या खोल्यांचे मालक म्हणजे आबा. पांढरं धोतर, खणखणीत आवाज. भाडेकरूंची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत ते पडत नसत. एक बीडकर होता, एक जळगावकर, मी लातूरकर. संध्याकाळी नळाला पाणी आलं की आम्ही सगळे बादल्या घेऊन अंगणात, आणि आबा ओट्यावर. पाणी भरलं की बाकीचे आत जात. मी बसायचो. आता तुम्हाला वाटेल, मला इतिहासाची गोडी होती. छे. माझ्या खोलीत पंखा नव्हता आणि ओट्यावर वारं लागायचं.

"लातूरकर, भरलं का पाणी? मग बस की. कुठं पळायचंय तुला?" आबा म्हणायचे, आणि सुरू व्हायचे.

ते सांगायचे ते मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपली त्यानंतरच्या वर्षांचं. आबा तेव्हा लहान होते. धान्य कंट्रोलचं, रॉकेल मोजून, आणि कापड तर बघायला मिळायचं नाही. अशात गावचा एक माणूस, नाना, पलटणीतून परत आला. त्यानं पैसाअडका काही आणला नाही. आणला तो एक जाडजूड खाकी कोट, पार गुडघ्यापर्यंत येणारा. थंडीत कांद्याच्या राखणीला ज्याची पाळी, त्याच्या अंगावर तो कोट जायचा. सकाळी तो घरी आणून द्यायचा आणि संध्याकाळी दुसरा न्यायचा. नाना स्वतः मात्र घोंगडीत. एका नवरदेवानं तर तो कोट लग्नात घातला. "वैशाखातलं लगीन, लातूरकर. नवरा घामानं नुसता निथळतोय, पर कोट काय काढंना," आबा सांगायचे आणि इतके हसायचे की खोकला लागायचा. शेवटी कोट विरला तेव्हा नानानं तो आबांच्या आईला दिला. आबांची धाकटी बहीण नुकतीच जन्मली होती. तिचं पहिलं दुपटं त्या कोटाचं झालं.

असं रोज थोडं थोडं. गावातली पहिली एसटी, तिला ओवाळायला निघालेल्या बायका, भोंग्याला घाबरून उधळलेली बैलजोडी. कुणाचं खळं कुठं होतं, कांदे साठवायची बराख कुठं होती, चिंचेखाली कोण बसायचं. मी ज्या कंपनीत कामाला लागलो ती आबांच्या कांद्याच्या वावरावर उभी होती. जमीन गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं असं नाही. कंपनीच्या गेटसमोरून जाताना ते मान दुसरीकडे करायचे, हे मी पाहिलंय. पण माझ्यासमोर चेष्टाच करायचे. "आमच्या वावरात राबायला थेट लातूरवरनं माणूस आला. आमचा बाप असता तर मिशीला पीळ दिला असता." मला पहिल्या महिन्यात या गावात काहीच आपलं वाटत नव्हतं. ते ऐकल्यावर मशीनपाशी उभं राहताना, इथं खाली कांदे पिकायचे, एवढं तरी ठाऊक असायचं. त्यानं बरं वाटायचं. का, ते सांगता येणार नाही.

आबा पत्ता सांगायचे तो नेहमी नसलेल्या गोष्टींवरून. बराखीच्या अलीकडं, खळ्याला वळसा घालून. मीही तसाच बोलायला लागलो, ते माझं मलाच कळलं नाही. माझा मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला फोनवर सांगितलं, चिंचेपासून पुढं ये, डाव्या हाताला. बिचारा उन्हात बॅगा घेऊन चिंच शोधत हिंडला. ज्याला विचारावं तो बिहारचा नाहीतर यूपीचा. शेवटी वैतागून त्यानं फोन केला, "दाजी, झाड कुठंय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की झाड मीसुद्धा कधी पाहिलेलं नाही. मी यायच्या आधीच ते रस्त्यात गेलं होतं. बायको अजून मला त्यावरून बोलते.

वर्षं गेली. लग्न झालं, पोरं झाली. पत्र्याच्या खोल्या जाऊन आबांच्या घराला लागूनच पक्की इमारत झाली आणि तळमजल्यावरचं घर त्यांनी मला कायमचं दिलं. रीतसर विकत, पण हप्त्याहप्त्यानं आणि कधी तगादा न लावता. या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मला इथं सरळ लिहायचंय, कारण त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. "उपकार गेले खड्ड्यात, च्या टाक" म्हणतील.

म्हणतील असं लिहून गेलो. आता ते बोलत नाहीत. मागच्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं लख्ख आहे, सगळं समजतं, आणि तेच जास्त वाईट.

यंदा गावच्या शाळेनं ठरवलं की मारुतीच्या देवळात सगळ्यांना बोलवायचं आणि पोरांना जुनं गाव ऐकवायचं. त्या काळातलं सांगणारं माणूस गावात एकच उरलेलं, आबा. झटका यायच्या आधीच शाळेनं त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी नवं धोतरसुद्धा आणून ठेवलं होतं. कार्यक्रम जवळ आला तसे ते जेवेनात. त्यांच्याबरोबर सगळं जाणार, हे त्यांना दिसत होतं आणि आम्हालाही. मग त्यांचा नातू सागर माझ्याकडे आला. "काका, आबांचं सगळं तुमाला तोंडपाठ हाय. तुमीच बोला."

मी म्हटलं, "अरे, तू घरचा आहेस."

"आबा सांगाय लागलं की आमी गाडीला किक मारून पळायचो. मला कोटाचं पन नीट म्हाईत न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला.

मला भीती वाटली ती माझ्या बोलीची. इतकी वर्षं राहूनही तोंडातून लातूर जात नाही. गावच्या लोकांना त्यांचंच गाव भाडेकरूनं सांगायचं? पण आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. तिथं नाही कसं म्हणणार.

देवळात खुर्चीवर आबा, शेजारी मी उभा. सुरुवातीला अडखळलो. मग कोटाशी आलो आणि लागलो बोलायला. कोटाचं मधलं बटण तुटलं होतं, तिथं लाकडाचं लावलं होतं, असं म्हणालो तर आबांचा डावा हात उठला आणि गळ्यापाशी गेला. "वरचं, वरचं बटण," मी दुरुस्त केलं. लोक हसले, आबाही अर्ध्या तोंडानं हसले. तिथून पुढं आम्ही दोघं मिळून बोलत होतो. पोरं सरकत सरकत पुढं आली. आबांच्या तोंडचं आबांच्याच शब्दांत येत होतं, म्हणून मी "तेव्हा आमची एसटी", "आमचं खळं" असं बोलत गेलो. माझ्या ध्यानातही आलं नाही.

संपल्यावर शाळेतल्या बाई उठल्या. त्या नाशिककडून नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी सरळ मनानं विचारलं, "काका, तेव्हा तुमचं घर गावात कुठं होतं?"

मी कोण हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझं घर तेव्हा दोन-तीन जिल्हे पलीकडं होतं बाई, आणि मी जन्मलोही नव्हतो, असं सांगायला मी तोंड उघडलं.

आबांचा हात वर गेला. बोट देवळाच्या बाहेर, त्यांच्या आळीकडं. मग त्यांनी तोच हात माझ्या हाताला टेकवला आणि पुन्हा तिकडंच दाखवलं. बाईंना कळेना. सागर उठून उभा राहिला.

"आबा म्हणत्यात, आमच्या शेजारी. भिंतीला भिंत."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "व्हय, तिथंच." आणि माना हलल्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या दिवशी सगळ्या गावानं पाहिलं.

दादा आता नाहीत. आपल्या गावी त्यांनी बांधलेलं घर आहे, दिवाळीला मी येतो, कुलूप काढतो, झाडून घेतो, आणि तुम्ही विचारता की परत कधी येणार. त्या घरावरची माया कमी झालेली नाही. पण आबांनी सगळ्यांसमोर मला जे घर दिलं ते टाकून येणं मला जमायचं नाही. तेव्हा तुम्हीच या. मुक्कामाला या. स्टॉपवर उतरलात की चिंचेपासून पुढं, डाव्या हाताला, आबांच्या भिंतीला भिंत. झाड दिसणार नाही. तिथंच थांबा, मी न्यायला येतो.