होसकोटेच्या तळ्यावरचा थांबा

आमच्या मराठी मंडळाने बेंगळुरू जिल्ह्याचा इतिहास दाखवायला एक दिवसाची सहल काढली आणि माहिती सांगायला मला बोलावलं. मी हो म्हटलं, कारण वाटेत होसकोटेचं तळं होतं. त्याच्या बांधावर एक देवी आहे. आमचं घर पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचं; घरात नवी सून पहिली ओटी तिचीच भरते. तुळजापूर लांब, म्हणून कुण्या पणजीने हे सुरू केलं. माझी सून लग्न होऊन महिनाभरापूर्वी नाशिकहून आलेली. खण-नारळ घेऊन ती शेजारी बसली होती.

देवनहळ्ळीचा किल्ला बघून बस निघाली, आणि मंडळाच्या चिटणिसांनी यादीतून तळं खोडलं. हे गृहस्थ पुण्याचे, एचएसआर लेआउटच्या नव्या वस्तीत राहायला येऊन सात वर्षं झालेली.

"काकू, डबकं काय बघायचं? मराठ्यांनी हा मुलूख जिंकला, ते सांगा."

"जिंकणारे निघून गेले, साहेब. मागे राहिले आमचे शिंपी, रंगारी, कारकून. ते काय खाऊन जगले ते तळ्यावर कळतं."

या जिल्ह्यात मोठी बारमाही नदी नाही. जुन्या लोकांनी बांध घालून पाणी अडवलं, रागी म्हणजे नाचणी पिकवली, आणि त्या रागीवर बेंगळुरू शहरातल्या चिकपेटेचा बाजार पोसला गेला. हे मी माईकवर सांगितलं.

"भूगोलाचा तास!" मागून कुणीतरी ओरडलं. बस हसली.

मग मी देवीचं सांगितलं. ती माझी चूक.

"म्हणजे कुलदेवीच बदललीत?" चिटणीस म्हणाले. "मग तुम्ही मराठी कसल्या?"

सुनेने मान खाली घातली. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला कन्नडमध्ये म्हटलं, "अण्णा, तळ्यापाशी स्वल्प थांबवा. अर्धा तास." चिटणीस हिंदीत "चलो, चलो" करत राहिले. अण्णांनी बांधापाशी इंजिन बंद केलं आणि चहाला गेले.

आमच्या मागे चामराजपेटेच्या, आमच्यासारख्याच जुन्या घरांतल्या दोघीच उतरल्या.

"आई, ते म्हणाले ते खरं आहे का?" सुनेने विचारलं.

"खरं असतं तर ओटी भरली नसतीस?"

तिने जरा विचार केला. "भरली असती."

"मग भर. ऊन वाढतंय."

परत आलो तर माईक चिटणिसांकडे होता आणि मुलूख पुन्हा जिंकला जात होता. मंडळाच्या सहलीला मी त्यानंतर गेले नाही. सभासदत्व मात्र सोडलेलं नाही. चिटणीस मंडळाच्या ज्या सभागृहात बसून आम्हाला मराठी शिकवतात, ते आमच्या शिंपी-रंगाऱ्यांनी बांधलंय.