थोरल्या दिरांची इंजिनाची करवत

आमच्या थोरल्या दिरांनी आजवर एकही वस्तू मेली म्हणून मान्य केलेली नाही. माणूस गेला तर ते चार जणांसारखे खांदा द्यायला जातात. पण घड्याळ थांबलं, कंदील बिघडला, नदीच्या गाळात सायकलचा सांगाडा सापडला, की हे नाडी बघायला बसलेच. दापोडीच्या मोटारींच्या कारखान्यात त्यांची नोकरी. दिवसभर यंत्रं खोलून मन भरत नाही, म्हणून घरी येऊन पुन्हा तेच. आमच्या ओसरीवर पाय ठेवायचा तर आधी नटबोल्ट सारावे लागतात. एकदा पाहुण्यांच्या आमटीत लोखंडी चकती निघाली. जाऊबाई शरमेनं अर्ध्या झाल्या आणि हे आनंदानं ओरडले, "घावली व्हय! कवापासनं शोधतोय!"

पण खरा कहर केला तो त्या करवतीनं. देहूरोडच्या लष्करी भंगारातून त्यांनी ती आणली. लढाईतली, इंजिनावर चालणारी, दोघांनी धरायची. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला मूठ, मध्ये पुरुषभर लांब पट्टी आणि पट्टीभोवती फिरणारी दातांची साखळी. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या इंजिनात उंदराचं घरटं होतं. तिचे मूळ भाग मिळणार कुठून? मग दिरांनी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. पिस्टनच्या कड्या आणल्या कुणाच्या तरी फटफटीच्या. त्या जराशा मोठ्या निघाल्या, तर देवघरातली सहाण घेऊन तिच्यावर घासत बसले. "घरात एवढी सपाट चीज दुसरी न्हाई," म्हणे. आठवडाभर आमच्या विठोबाला काळं गंध लागत होतं. कार्बोरेटर दुसऱ्याच फटफटीचा. त्याखाली बसवायला कातडं हवं होतं, ते स्वतःच्या वहाणेचं कापलं आणि एका पायात वहाण घालून कामावर गेले. साखळीचे बरेचसे दात झिजलेले, ते चाकणच्या लोहाराकडून करून आणले. ठिणगीचा प्लग तर जाऊबाईंच्या तव्याशेजारी भाकरीसारखा भाजला जाई.

शेवटी जाऊबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "पाडव्याला ही चालून लाकूड कापलं तर ठीक. न्हाईतर भंगारवाल्याच्या गाडीत घालीन. आन् जागा उरली तर तुमाला बी."

"घाल," दीर म्हणाले. एवढंच म्हणाले, म्हणून मला काळजी वाटली. नेहमी ते दहा कारणं सांगतात.

पाडव्याला भंगारवाला खरंच बैलगाडी घेऊन आला आणि कुंपणाशी बसला. अंगणात बाभळीचं खोड आडवं टाकलेलं. दुसरं टोक आमच्या ह्यांनी धरायचं ठरलं होतं, पण ह्यांना कारखान्यात ओव्हरटाइम लागला. शेजारी बघायला सगळे आले, पण कुंपणापलीकडून. "भाऊ, तिची न् तुमची ओळख हाय. आमची न्हाई!" जाऊबाईंचे हात पुरणात. राहता राहिले मी.

इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. मला काही सांगायचं असलं तर मी ओसरीच्या खांबाला सांगत असे: "ताट वाढलंय म्हणावं." तेही खांबालाच उत्तर देत: "मीठ कमी हाय म्हणावं." लग्न होऊन आल्यापासून आमचा संसार त्या खांबानं सांभाळला होता.

त्या दिवशीही ते खांबाकडे बघून म्हणाले, "धाकल्या बाईंनी मूठ धरली तर करवत वाचंल म्हणावं." मी पदर खोचला आणि मूठ धरली.

त्यांनी दोरी ओढली. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि एकदम पेटलं! कोंबड्या छपरावर गेल्या, बैल दावं तोडायला लागला. दीर कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवत आणि कान लावत. आधी ती तोतरी बोलत होती, पांढरा धूर सोडत होती. "लई पेट्रोल प्यालीय!" ते ओरडले. आणखी जरासा स्क्रू, आणि आवाज असा सरळ, भरदार लागला की माझ्या हातापायांत वारं शिरलं. इतका आनंद मला कशाचा झाला कुणास ठाऊक!

करवत खोडावर टेकवली. धूर निघाला. लाकूड जळल्याचा वास आला. कापलं मात्र काहीच नाही. त्यांनी वेग वाढवला, धूर वाढला. भंगारवाला उठून गाडीत पोतं अंथरायला लागला. दिरांचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. घामानं निथळलेलं आणि अगदी लहान झालेलं.

त्यांनी वेग जरा उतरवला, तेवढ्यात मला दिसलं. पट्टीच्या वरच्या अंगानं साखळी माझ्याकडे धावत येत होती, आणि दात येत होते पाठ करून. आपल्याकडची करवत ओढताना कापते, दात नेहमी धरणाऱ्याकडे बघतात. दिरांनी सवयीनं वरचे दात स्वतःकडे तोंड करून बसवले होते. मी खांब शोधला. खांब लांब ओसरीवर, आणि त्या आवाजात खांबाला तरी काय ऐकू जाणार?

"भाऊजी, बंद करा!" मी ओरडले. "साखळी उलटी हाय!"

इंजिन थांबलं. सगळं अंगण थांबलं. जाऊबाई पुरणाच्या हातानं दारात आल्या. दिरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दातांकडे, आणि कपाळावर हात मारला. "आरं देवा! मी हिला हातकरवत समजून बसलो की!"

भंगारवाल्याचा चहा होईतो साखळी फिरवून झाली. आणि मग काय सांगू! करवत बाभळीत लोण्यात शिरावी तशी शिरली. भुसा उडाला तो थेट कुंपणापर्यंत. खोडाचे दोन तुकडे झाले, पोरं नाचली, आणि जाऊबाई भंगारवाल्याला म्हणाल्या, "बघताय काय? पुरणपोळी खावा आन् गाडी रिकामी न्या."

करवत घरात राहिली. पिंपरीकडे कारखान्यांसाठी जमिनी मोकळ्या व्हायला लागल्या, तशी दिरांना सुटीच्या दिवशी झाडं तोडायला बोलावणी येऊ लागली. मोठ्या उमेदीनं जात. परवा ते संध्याकाळी लवकर परतले. ज्या आमराईत त्यांनी लहानपणी गुरं राखली, तीच तोडायचं काम निघालं होतं. करवत पुसल्याशिवाय कधी ठेवत नाहीत, ती तशीच भिंतीला टेकवली. साखळीला आंब्याचा ओला भुसा चिकटला होता.

"कशी चालली, भाऊजी?" मी विचारलं.

"लई गोड चालली, बाई," ते म्हणाले. "कुठंच अडली न्हाई."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला.