एका माणसाला परवानगी

ती चूक माझी होती. एवढं एक वाक्य बोलायला मला आठ महिने लागले आणि तेवढ्या काळात एका बाईची नोकरी गेली.

करोनाचं पहिलं वर्ष होतं. वृद्धनिवास चालवणाऱ्या एका डच संस्थेचं संगणकाचं काम माझी कंपनी बघायची. संस्थेची निवासं दक्षिणेत मास्ट्रिख्टपासून वर आमच्या नीउ-व्हेनेप गावापर्यंत पसरलेली. प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रीन होते, एक जेवणघरात आणि एक दाराशी, काचेतून बाहेरच्यांनाही वाचता येईल असा. तोवर तिथलंच कुणीतरी पेनड्राइव्हवर मजकूर घेऊन स्क्रीनच्या मागे खोचायचं. मग भेटायला येणाऱ्यांना बंदी झाली, सूचना आठवड्याला बदलू लागल्या, आणि ठरलं की सगळे स्क्रीन एका नेटवर्कवर आणून एकाच ठिकाणाहून चालवायचे. ते ठिकाण म्हणजे आमच्या बेडरूममधलं इस्त्रीचं टेबल. ऑफिस बंद होतं आणि जेवणाच्या टेबलावर मुलीची शाळा भरायची.

आमच्या गावातल्या निवासात स्क्रीनचं काम करायची ती माझ्या बायकोची मैत्रीण. मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली. सात वर्षं घरी काढून, डच शिकून, तिने स्वागतकक्षातली ही पहिली नोकरी मिळवली होती. करार एका वर्षाचा, जूनअखेर संपणारा. तो पुढे वाढला की मी इथली झाले, असं ती म्हणायची. रोज सकाळी ती जेवणघरातल्या स्क्रीनवर त्या दिवशीचं सूप आणि कुणाचा वाढदिवस असेल तर त्याचं नाव लावायची. मी तिचा पेनड्राइव्ह बंद करून तिला नव्या प्रणालीत खातं उघडून दिलं, तेव्हा तिने फोनवर विचारलं, "दादा, तुमच्या या केंद्र सरकारात आमच्या सूपला जागा आहे ना?"

"सूप राज्याच्या अखत्यारीत," मी म्हणालो. "केंद्र त्यात हात घालणार नाही."

मे महिन्यात काही मोजक्या ठिकाणी भेटी सुरू करून बघायचं ठरलं. आमच्या निवासांपैकी फक्त मास्ट्रिख्टचं निवडलं गेलं. तिथे प्रत्येक रहिवाशाला एका ठरलेल्या माणसाने भेटायचं. आपल्याकडेही असा दिवस येईल म्हणून बायकोच्या मैत्रिणीने आपल्या निवासाची सूचना आधीच करून ठेवली होती. गडद निळ्यावर पिवळी, टपोरी अक्षरं, म्हाताऱ्या डोळ्यांना लांबून दिसणारी: आजपासून एका माणसाला भेटीची परवानगी. मला ती इतकी आवडली की मास्ट्रिख्टसाठी मी तीच उचलली. आदल्या दिवशी हात धुण्याची सूचना सगळीकडे पाठवताना मी यादीत 'सर्व' निवडलं होतं. ती निवड तशीच राहिली होती. मी न बघता बटण दाबलं आणि चहा करायला गेलो.

चाळीस मिनिटं ती सूचना सगळ्या निवासांच्या दारांवर होती.

आमच्या गावात एक आजोबा रोज सकाळी सायकलवरून येऊन निवासात राहणाऱ्या आपल्या बायकोच्या खिडकीबाहेर उभे राहायचे. त्यांनी ती वाचली. ते घरी गेले, दाढी केली, कोट-टाय घालून स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन परत आले. तोवर मी सूचना काढली होती. दार बंद ठेवून काचेच्या आतून त्यांना नाही म्हणायचं काम मैत्रिणीच्या वाट्याला आलं. टोपली दाराशी ठेवून ते गेले, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं.

दुपारी संस्थेच्या व्यवस्थापिकेने ऑनलाइन मीटिंग घेतली. ती रागावलेली नव्हती. तिने सरळ विचारलं, ही सूचना कुणी लावली?

पुण्याच्या ज्या ऑफिसात मी घडलो तिथे या प्रश्नाचा अर्थ एकच होता: आता कुणाला तरी जावं लागणार. माझ्यासमोर प्रणालीतली नोंद उघडी होती. सूचना तयार करणारी: ती. प्रसारित करणारा: मी. मी म्हणालो, नोंदीत सूचना नीउ-व्हेनेपच्या खात्यातून तयार झालेली दिसते. यात खोटं काही नव्हतं. मी फक्त पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली नाही.

व्यवस्थापिकेने मैत्रिणीला विचारल्यावर ती म्हणाली, सूचना मी केली हे खरं, पण मी लावली नाही. लावली कुणी ते मला माहीत नाही. ती अक्षरशः खरं बोलत होती. व्यवस्थापिकेला मात्र वाटलं की ही अंगाला लावून घेत नाही. जूनअखेर करार वाढला नाही, आणि कारणही तेच दिलं गेलं: चूक कुणाच्याही हातून होते, पण ती कबूल करता आली पाहिजे.

एवढं होऊनही मी गप्प राहिलो. मग एका संध्याकाळी बायको स्पीकरवर मैत्रिणीशी बोलत होती आणि मी शेजारी भांडी पुसत होतो. पलीकडून ती म्हणत होती, "माझ्याच हातून दाबलं गेलं असणार गं. आता तर घरची गॅसची शेगडीसुद्धा मी तीनदा बघते." मी तेच ताट पुसत राहिलो.

डिसेंबरात आमच्या एका डच सहकाऱ्याने चुकून द हेगच्या निवासातले स्क्रीन दिवसभर काळे ठेवले. त्याच व्यवस्थापिकेने तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, मीच, सॉरी. ती म्हणाली, बरं, पुढचा विषय. अर्धं मिनिटही लागलं नाही. मी कॅमेरा बंद केला.

तरी आणखी महिना गेला. जानेवारीत मी व्यवस्थापिकेला सगळं लिहून पाठवलं, नोंदीच्या दोन्ही ओळींसकट. उत्तर आलं की सांगितल्याबद्दल आभार, पण ती जागा भरली आहे. शिफारसपत्र मात्र देऊ. रात्री बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग ओट्यावरचा मैत्रिणीचा स्टीलचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "उद्या हा द्यायला तू जा. एकटा."

एकट्यालाच जाता येणार होतं. तेव्हा घरी एकाच पाहुण्याला परवानगी होती.

तिने दार उघडलं, डबा घेतला. "दादा, तुम्ही आलात? वहिनी कुठाय?" म्हणत चहा ठेवायला वळली. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐक. चपला न काढता मी पायपुसण्यावरच उभा राहिलो.

"ती सूचना मी लावली होती. मास्ट्रिख्टऐवजी सगळीकडे गेली. मीटिंगमध्ये मला ते माहीत होतं, आणि मी तुझं नाव पुढे केलं. तुझ्या हातून काहीही दाबलं गेलं नव्हतं. व्यवस्थापिकेला मी सगळं कळवलंय. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मला माफ कर."