साहेबांच्या वाट्याच्या फुग्या

हे मी फादरलाही सांगितलं नाही. ढोसली, शिव्या दिल्या, बायकोशी भांडलो — सगळं कबूल केलं. एवढं मात्र तीसेक वर्षं गिळून बसलोय. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही रविवारी चर्चच्या हॉलमध्ये नसणार, म्हणून.

इथे परदेशात, गिरावीनच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर एक पत्र फ्रेम करून लावलंय. आखातातल्या एका शहराच्या महापौरांचं. मी त्यांचा, म्हणजे साहेबांचा, स्वयंपाकी होतो. शाळा तिसरीत सोडली, पण हाताच्या चवीला नावं ठेवायची नाहीत! शेजारच्या देशाचं सैन्य शहरात घुसलं, बाकीचे नोकर पळाले, मी राहिलो. पत्रात लिहिलंय — ‘माझ्या घासासाठी हा माणूस बंदुकीसमोर उभा राहिला.’

नात इथल्याच वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स आहे. येईल त्याला ते वाचून दाखवते. “आजोबा, यू आर अ लेजंड!” मी नाही म्हणतो का? छे.

झालं असं. त्या सैन्याच्या एका कर्नलने साहेबांच्या बंगल्यात ऑफिस थाटलं. साहेबांनी शहर सैन्याच्या हवाली केल्याच्या कागदावर सही करायची, आणि साहेब करेनात. मग त्यांना मागच्या खोलीत कोंडलं. कोरडी रोटी आणि पाणी. साहेब दिवसेंदिवस वाळत चालले.

मी थोडा मैदा, अंडी आणि एक नारळ लपवला होता. कुठे? वॉशिंग मशीनमध्ये. साहेबांच्या वाढदिवसाला म्हटलं, फुग्या करू. आमच्या वसईच्या लग्नात असतात ना, नारळाच्या रसातले गोल तळलेले पाव — त्या. तसं बारा वर्षांत साहेबांनी माझ्या जेवणाला कधी बरं म्हटलं नव्हतं. “मीठ,” एवढंच म्हणायचे. जास्त की कमी, तेही नाही.

कढईत फुग्या टम्म फुगल्या. वास बाहेर गेला. कर्नल दारात.

बंदूक? — ती बाहेर खुंटीवर होती. त्याने फक्त विचारलं, कसला वास? आणि मी — मीच — एक फुगी पुढे केली. त्याने डोळे मिटून खाल्ली. म्हणाला, “उस्ताद!”

उस्ताद! मला! मग हात थांबेना. दुसरी, तिसरी, दहावी... शेवटची तर मी आग्रह करून वाढली.

साहेबांकडे रोटी घेऊन गेलो. वास त्यांनाही आला होता. “काही केलंस?” मी म्हटलं, बंदूक रोखली साहेब, सगळं हिसकावून नेलं. साहेब रडले. जेवलास का, विचारलं, आणि आपल्या रोटीतली अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

मी ती खाल्ली. वर मनात म्हटलं — मीठ कमी आहे.

रविवारी नात हॉलमध्ये पत्र वाचणार आहे. मला शाल देणार आहेत. मी घेणार आहे. साठ जणांच्या फुग्याही मीच करतोय, पीठ भिजवून ठेवलंय. कोणी छान म्हणालं की मी आणखी वाढणार — समोर कोण बसलंय, हे मी बघणार नाही. तेव्हाही बघितलं नव्हतं.