बारा व्होल्ट ते बारा व्होल्ट

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. उत्तर सीमेवरच्या आमच्या पोस्टचा वायरलेस सेट बॅटरीवर चालायचा. त्याला ट्युब्युलर बॅटरी लागते, दिवसभर थोडा थोडा करंट देणारी. त्या हिवाळ्यात खालच्या तळावरून गाडीच्या स्टार्टरच्या बॅटऱ्या आल्या. स्टार्टरची बॅटरी म्हणजे शर्यतीचा बैल. एका दमात जोर लावील, पण दिवसभर नांगराला जुंपलात तर बसेल. मी तसं कळवलं. स्टोअरमधून उत्तर आलं, "बारा व्होल्ट है ना? ॲडजस्ट करो."

पुढे पुढे बॅटऱ्या दुपारीच मान टाकू लागल्या. पुन्हा कळवलं. उत्तर तेच.

एका दुपारी लान्स नाईक उत्तम दोन जवानांसह गस्तीवर होता. औंढ्याजवळच्या तांड्यावरचा, माझ्याच जिल्ह्यातला. नाल्यावरचा बर्फ सुटण्याचा इशारा आला. मी सेट उचलला आणि त्याच्या तुकडीला, चार्लीला, हाक दिली.

"चार्ली, नाल्यात उतरू नका. ओव्हर."

"आवाज तुटतोय. से अगेन. ओव्हर."

मी पुन्हा बोलायला लागलो आणि सेट बंद पडला. दुसरी बॅटरी लावली, तीही मेलेली. ते नाल्यात उतरले. दोघे जवान वाचले. उत्तमला बर्फाखालून काढावं लागलं.

चौकशी झाली. दोषी बर्फ ठरला.

यंदा तांड्यावर उत्तमचं स्मारक झालं, वर सोलर दिवा बसला. त्याच्या आईला मी तांड्यातल्या पोरांसारखं याडी, म्हणजे आई, म्हणतो. तिचा फोन आला.

"दिवा जेवणाआधीच इझून राहिला, साहेब. लेकरू अंधारात हाय."

गेलो. पेटी उघडली. आत ट्रॅक्टरची, म्हणजे स्टार्टरचीच बॅटरी! माझं डोकंच सणकलं.

"काहून चिडून राहिले, सुभेदार?" सरपंच म्हणाले. "बारा व्होल्टचीच हाय की."

"ह्याच बारा व्होल्टनं पोरगं खाल्लं आमचं!" मी ओरडलो. "आता त्याच्या उशाला बी तीच ठेवता?"

ती बॅटरी उपसून मी सरपंचांच्या जीपमध्ये आदळली. हिंगोलीहून ट्युब्युलर आणली आणि स्वतः जोडायला बसलो. याडी शेजारी बसून पाहत होती.

"त्या दिशी तुमी त्याला काय सांगून राहिले होते?" तिनं विचारलं.

"नाल्यात उतरू नको म्हणून."

मी नट आवळत होतो.

"ऐकलं असतं त्यानं," ती म्हणाली. "लई ऐकायचा."